अंगाचा रंग एका डब्यात मावत नाही

पावसाळा तोंडावर आला की सोलापूरच्या पूर्वभागातल्या मूर्ती कारखान्यांत कॉम्प्रेसरची घरघर वाढते. यंत्रमाग आणि चादरींच्या या शहरात मूर्तिकामाचाही मोठा व्यवसाय आहे आणि त्यात तेलुगू भाषक कारागिरांचा वाटा मोठा. इथल्या गणेशमूर्ती कर्नाटक, तेलंगणा, आंध्रपर्यंत जातात. श्रद्धानंद समाजाच्या 'आजोबा गणपती'ची सुरुवात १८८५ ची सांगितली जाते, म्हणजे लोकमान्यांनी १८९३ मध्ये उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं त्याच्याही आधीची.

गणपती रंगवणं त्या मानानं सोपं. तोंड हत्तीचं असल्यामुळे अंग गुलाबी असो की केशरी, भाविकाला खटकत नाही. खरी परीक्षा नवरात्रात. मंडळांत बसणाऱ्या शक्तीदेवीचा चेहरा माणसाचा असतो, आणि माणसाचा चेहरा आपण जन्मापासून वाचत आलेलो. गालावरचा रंग जरा चुकला तरी मूर्ती आजारी वाटते, नाहीतर प्लॅस्टिकची.

असं का होतं? त्वचा भिंतीसारखी नसते. तिच्यावर पडलेला प्रकाश थोडा आत शिरतो, विखुरतो आणि मग बाहेर येतो. त्यातला लाल प्रकाश सर्वांत खोल जातो, म्हणून दिव्यासमोर धरलेली कानाची पाळी लालबुंद दिसते. वरच्या थरातलं मेलॅनिन तपकिरी छटा देतं, खालचं रक्त लाली देतं. शिवाय चेहरा सगळीकडे सारखा नसतो. कपाळाच्या पातळ त्वचेखाली हाड, म्हणून तिथे पिवळसरपणा जास्त. गाल, नाक आणि कान यांत रक्त भरपूर, म्हणून तिथे लाली. पुरुषाच्या हनुवटीवर दाढीच्या खुंटांमुळे निळसर-करडी झाक.

प्लास्टरला किंवा शाडूला यातलं काहीच येत नाही. प्रकाश वरूनच परततो. जे खऱ्या त्वचेत आत घडतं, ते रंगाऱ्याला वरून थर देऊन भासवावं लागतं. आधी पांढरा हात, मग स्प्रे गनने अंगाचा रंग, म्हणजे बॉडी कलर. तो सुकला की शेडिंग: डोळ्यांच्या खोबणीत, नाकपुड्यांच्या कडेला, हनुवटीखाली, गळ्याच्या वळीत गडद फवारा. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, आणि ती सहसा अनुभवी हाताकडेच जाते.

नवखे इथे हमखास दोन ठिकाणी घसरतात. सावलीसाठी मूळ रंगात काळा मिसळला की चेहरा राखेसारखा मळकट होतो; त्याऐवजी गडद तपकिरी, त्यात किंचित लाल किंवा निळा घातला तर सावलीतही रक्त जाणवतं. उजेडासाठी नुसता पांढरा घेतला की खडू फासल्यासारखं दिसतं. पांढऱ्यात पिवळी माती मिसळली की गव्हाळ चमक राहते. डोळ्याचा पांढरा भागही निखळ पांढरा ठेवत नाहीत, नाहीतर मूर्ती टक लावून बघतेय असं वाटतं. वरचा ओठ खाली झुकलेला, उजेड कमी मिळणारा. म्हणून तो खालच्यापेक्षा गडद.

आकारानुसार हिशेब बदलतो. वीतभर मूर्तीच्या चेहऱ्यावरचे चढउतार लांबून दिसतच नाहीत, म्हणून सावल्या मुद्दाम ठळक काढाव्या लागतात. मोठ्या चेहऱ्यावर उलट अडचण: सपाट रंगाचा एवढा मोठा पट्टा नजरेला लगेच खोटा वाटतो. छंद म्हणून मोठ्या मापाचे पुतळे रंगवणारे तिथे पातळ रंगाचे थरावर थर देतात, स्पंजने लाल, पिवळे, जांभळट ठिपके टेकवतात आणि पुन्हा पातळ थराने ते अर्धवट झाकतात.

ही युक्ती जुनी आहे. १४०० च्या आसपास इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी याने आपल्या चित्रकलेच्या ग्रंथात चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा थर देण्याची रीत नोंदवली आहे. वरून गुलाबी रंग पातळ हातांनी चढवायचा, म्हणजे खालचा हिरवा सावलीत डोकावतो. आपल्याकडे राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा त्याच्या देवीदेवतांच्या कांतीसाठीही छपाईच्या एका शिळेवर भागत नव्हतं. एकाच चित्रासाठी अनेक रंगांच्या शिळा एकावर एक छापल्या जात.

सोलापूरच्याच भगवान रामपुरे यांनी मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीबाहेरचा ब्राँझचा बैल घडवला. ब्राँझमध्ये त्वचेचा रंग हा प्रश्नच नसतो. सगळं काम उंचवट्यावर पडणारा उजेड करतो. रंगीत मूर्तीला ही सोय नाही.

आता त्यात रंगांच्या निवडीची भर पडली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना विसर्जनाच्या मूर्तींसाठी विषारी रासायनिक रंग नकोत, नैसर्गिक वापरा, असं सांगतात. हळदीचा पिवळा उजेडात लवकर उडतो, त्यामुळे दहा दिवस दिव्यांखाली बसणाऱ्या चेहऱ्याला तो भरवशाचा नाही. गेरू आणि पिवळी माती मात्र लोहाच्या संयुगांमुळे रंगतात आणि उजेडात टिकतात. गव्हाळ, सावळी अशी कांती साधायला हे दोन रंग, थोडा पांढरा आणि चिमूटभर काजळी एवढं साहित्य बरंच पुरतं.