टपाली मतपत्रिकेची परतपाठवणी व मोजणी : नियमांची रचना आणि तिच्यामागील तर्क

मतदान केंद्रावर येणाऱ्या नागरिकाची ओळख आणि त्याचे मत या दोन गोष्टी कधीच एका जागी येत नाहीत. ओळखीची खात्री मतदान अधिकाऱ्याच्या टेबलापाशी होते, मत आडोशामागे दिले जाते, आणि या दोहोंमधील अंतर मतदार स्वतःच चालून जातो. टपालाने मत देणाऱ्याच्या बाबतीत ही सोय नसते. त्याची ओळख व त्याचे मत ही दोन्ही कागदावर उतरून, एकाच लिफाफ्यातून, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे येतात. ओळख पटल्याखेरीज मत स्वीकारता येत नाही. आणि ओळख पटविताना मत दृष्टीस पडले तर गुप्त मतदानाच्या तत्त्वाचा भंग होतो. या दोन गरजांचा मेळ निवडणूक संचालन नियम, १९६१ यांनी कसा घातला आहे व त्यासाठी कोणती किंमत पत्करली आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. अधिकार कोणास

टपाली मतदान हा भारतात सर्वसामान्य मतदाराचा अधिकार नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ६० अन्वये काही विशिष्ट वर्गांपुरताच तो मर्यादित आहे. सेनादलांतील व्यक्ती, आपल्या राज्याबाहेर सेवा बजावणारे राज्यांचे सशस्त्र पोलीस आणि परदेशांत नेमलेले भारत सरकारचे कर्मचारी हे ‘सेवा मतदार’ होत. त्यांच्यासमवेत राहणाऱ्या पत्नीसही हा अधिकार होता. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ या शब्दाच्या जागी जोडीदाराचा वाचक शब्द आल्याने महिला अधिकाऱ्यांच्या पतींनाही तो मिळाला. याखेरीज निवडणुकीच्या कामावर नेमलेले कर्मचारी व प्रतिबंधक कायद्यान्वये स्थानबद्ध असलेल्या व्यक्ती यांचाही नियमांत समावेश आहे. २०१९ मध्ये ८० वर्षांवरील वृद्ध व दिव्यांग मतदार यांची त्यांत भर पडली. मार्च २०२४ मध्ये वयाची ही मर्यादा ८५ करण्यात आली. या शेवटच्या वर्गाच्या घरी मतदान पथक जाते, व निवडणूक कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या दुरुस्तीनुसार सुविधा केंद्रातच मत द्यावयाचे असते. त्यामुळे मतपत्रिका प्रत्यक्ष टपालाच्या थैलीतून जाण्याचा प्रसंग आज मुख्यत्वे सेवा मतदारावरच येतो. तथापि मोजणीचा नियम सर्वांना एकच आहे.

२. चार नमुने

मतपत्रिका पाठविताना निवडणूक निर्णय अधिकारी तिच्या स्थळप्रतीवर मतदाराचा यादीतील क्रमांक नोंदवितो. मतदार यादीच्या चिन्हांकित प्रतीत मात्र मतपत्रिका दिल्याची केवळ खूण केली जाते. मतपत्रिकेचा अनुक्रमांक तेथे लिहिला जात नाही. या खुणेमुळे तोच मतदार पुन्हा केंद्रावर मत देऊ शकत नाही, आणि यादी पाहून कोणाची मतपत्रिका कोणती हेही कळत नाही.

मतपत्रिकेसोबत चार नमुने जातात. नमुना १३-अ हे मतदाराचे घोषणापत्र होय. नमुना १३-ब हा मतपत्रिका ठेवण्याचा आतला लिफाफा होय व त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक घातलेला असतो. नमुना १३-क हा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या पत्त्याचा बाहेरचा लिफाफा होय. नमुना १३-ड मध्ये मतदारासाठी सूचना असतात. मतदाराने मतपत्रिकेवर खूण करून ती आतल्या लिफाफ्यात बंद करावयाची, घोषणापत्रावर साक्षांकन अधिकाऱ्यासमोर सही करावयाची, आणि आतला लिफाफा व घोषणापत्र ही दोन्ही वेगवेगळी बाहेरच्या लिफाफ्यात घालावयाची असतात. साक्षांकन कोणी करावे हेही ठरलेले आहे. सैनिकाच्या बाबतीत तुकडीच्या, जहाजाच्या वा आस्थापनेच्या कमांडिंग ऑफिसरने नेमलेला अधिकारी, परदेशस्थ कर्मचाऱ्याच्या बाबतीत भारताच्या तेथील राजनैतिक वा वाणिज्य प्रतिनिधीने नेमलेला अधिकारी, आणि स्थानबद्धाच्या बाबतीत तुरुंगाचा अधीक्षक वा स्थानबद्धता छावणीचा प्रमुख हे काम करतो. मतदान केंद्रावर ओळख पटविणारा अधिकारी जे करतो, तेच काम येथे साक्षांकन करते.

३. परतीची मुदत

मतमोजणी सुरू होण्यासाठी जी वेळ ठरविली असेल तिच्यापूर्वी लिफाफा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडला पाहिजे, असा नियम आहे. टपालात टाकल्याची तारीख येथे विचारात घेतली जात नाही. पोहोचल्याची वेळ तेवढी पाहिली जाते. उशिरा आलेल्या लिफाफ्यावर तारीख व वेळ नोंदवून तो वेगळ्या पुडक्यात ठेवला जातो, उघडला मात्र कधीच जात नाही.

हा नियम वरकरणी कठोर दिसतो. परंतु मतदानाचा दिवस व मोजणीचा दिवस यांत भारतात बहुधा अंतर असते, व ते अंतर टपालाच्या उपयोगी पडते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत २० मे रोजी मतदान झाले व ४ जून रोजी मोजणी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने सेवा मतदाराला मतपत्रिका संगणकीय मार्गाने पाठविण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी पुदुच्चेरीतील नेल्लीतोपे येथील पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली गेली. या पद्धतीत मतदार मतपत्रिका छापून घेतो, खूण करतो आणि टपालानेच परत धाडतो. म्हणजे जाण्याचा प्रवास काही क्षणांवर आला असला, तरी परतीचा प्रवास टपालाच्याच गतीने होतो. सीमेवरील ठाण्यातून निघणाऱ्या लिफाफ्याला निम्मीच सवलत मिळाली आहे.

४. मोजणीचा क्रम

मोजणीची रीत नियम ५४-अ मध्ये दिली आहे, आणि तिचे सारे मर्म तिच्या क्रमात आहे. प्रथम टपाली मते हाती घ्यावयाची. बाहेरचे लिफाफे एकेक करून उघडावयाचे व प्रत्येकातील घोषणापत्र तपासावयाचे. घोषणापत्र सापडले नाही, त्यावर रीतसर सही व साक्षांकन नसले, ते अन्यथा महत्त्वाच्या बाबतीत सदोष असले, किंवा त्यातील अनुक्रमांक आतल्या लिफाफ्यावरील अनुक्रमांकाशी जुळला नाही, तर आतला लिफाफा न उघडताच त्यावर शेरा मारून मतपत्रिका फेटाळावयाची. हा लिफाफा व त्याचे घोषणापत्र ही पुन्हा मूळच्या बाहेरच्या लिफाफ्यात घालून जपून ठेवली जातात.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची होय. निर्दोष ठरलेली सर्व घोषणापत्रे एकत्र करून त्यांचे पुडके मोहोरबंद करावयाचे. ते झाल्यावरच आतल्या लिफाफ्यांना हात लावावयाचा. ज्या क्षणी मते दृष्टीस पडू लागतात त्या क्षणी नावे मोहोरेखाली गेलेली असतात. केंद्रावर मतदाराच्या चालण्याने जे साधते ते येथे या एका मोहोरेने साधले आहे.

मग मतपत्रिका पाहावयाच्या. मतदाराची ओळख पटेल अशी खूण वा लेखन असेल, मतच नोंदविलेले नसेल, एकाहून अधिक उमेदवारांना मते असतील, मतपत्रिका बनावट असेल, किंवा ती सोबत पाठविलेल्या लिफाफ्यातून परत आलेली नसेल, तर ती बाद होते. परंतु खूण अस्पष्ट आहे किंवा ती दोनदा केली आहे एवढ्याच कारणावरून, मतदाराचा हेतू स्पष्ट असताना, मत नाकारता येत नाही.

५. दोन चुकांमधील फरक

येथे एक विसंगती जाणवते. मतपत्रिकेवरील खुणेच्या बाबतीत नियम हेतू पाहतो; घोषणापत्राच्या बाबतीत मात्र एका साक्षांकनाच्या अभावी आतले मत न पाहताच नाकारतो. घोषणापत्र नजरचुकीने आतल्या लिफाफ्यात गेले तरी नियमाच्या शब्दांप्रमाणे ते ‘न सापडलेले’ ठरते. एकाच नियमात एवढी उदारता व एवढी कठोरता शेजारी शेजारी का असावी?

उत्तर मोजणीच्या क्रमातच आहे. घोषणापत्र चुकीने स्वीकारले गेले तर ती मतपत्रिका नावापासून सुटून इतरांत मिसळते, व मोजणीच्या टेबलावर तिला पुन्हा वेचून काढता येत नाही. स्थळप्रतींच्या आधारे तिचा माग काढणे शक्य असले, तरी त्यासाठी मोहोरबंद पुडकी उघडावी लागतात, आणि ती सक्षम न्यायालयाच्या आदेशाखेरीज उघडता येत नाहीत. याउलट घोषणापत्र चुकीने फेटाळले गेले तर मत नष्ट होत नाही. ते आपल्या लिफाफ्यात, आपल्या घोषणापत्राशेजारी, न उघडलेले पडून राहते. तात्पर्य, चुकीचा स्वीकार मागे घेता येत नाही, चुकीचा अस्वीकार मात्र मागे घेता येतो. म्हणून पहिल्या टप्प्यावर कठोरता समर्थनीय ठरते. परंतु तिला एक अट आहे. फेटाळलेले लिफाफे, प्रसंग पडल्यास, खरोखरच पुन्हा पाहिले गेले पाहिजेत. निवडणूक आयोगाच्या सूचनांत हा प्रसंग नेमका सांगितला आहे : विजयाचे मताधिक्य अवैध ठरलेल्या टपाली मतपत्रिकांच्या संख्येहून कमी असेल, तर निकाल जाहीर करण्यापूर्वी त्या सर्व मतपत्रिकांची फेरपडताळणी केलीच पाहिजे.

६. दोन निवडणुका

या अटीचे महत्त्व गुजरातमधील धोळका मतदारसंघाच्या २०१७ च्या निवडणुकीवरून ध्यानात येते. तेथे विजयाचे मताधिक्य ३२७ होते आणि फेटाळलेल्या टपाली मतपत्रिका ४२९. पराभूत उमेदवाराच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये या मतपत्रिका बेकायदेशीर रीतीने मोजणीबाहेर ठेवल्या गेल्या असे ठरवून निवडणूक रद्द केली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्यामुळे तो निर्णायक दृष्टान्त म्हणून वापरता येत नाही. तरीही मताचा गैर अस्वीकार व निकालावर झालेला प्रत्यक्ष परिणाम हे अधिनियमाच्या कलम १०० मधील निकष कोणत्या अंकगणितावर उभे राहतात, हे त्यावरून दिसते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. २०२४ मध्ये वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघात मतदान यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ व रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते मिळाली. टपाली मतांत वायकरांना १,५५० व कीर्तिकरांना १,५०१ मते होती. यंत्रांतील एका मताची पिछाडी भरून निघून वायकर ४८ मतांनी निवडून आले. अवैध ठरलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या. मताधिक्य त्याहून कमी असल्याने त्यांची फेरपडताळणी करण्यात आली. निकालाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. नऊ लाखांहून अधिक मतांच्या या लढतीचा निर्णय तीन हजारांच्या आसपास टपाली मतांनी केला.

७. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, टपाली मतदाराच्या हक्काचे रक्षण मुख्यतः मोजणीच्या टेबलावर होत नाही, तर त्यापूर्वी साक्षांकन अधिकाऱ्यापाशी होते. ज्याच्या दुर्लक्षाने मत बाद होते तो बहुधा मतदार नसतोच. त्याचा वरिष्ठ असतो. सैनिकाला मत देण्याविषयी सूचना देणे जितके आवश्यक, तितकेच त्याच्या तुकडीतील साक्षांकन अधिकाऱ्याला प्रशिक्षण देणेही आवश्यक आहे. दुसरी गोष्ट मोजणीच्या वेळेसंबंधीची आहे. यंत्रांची मोजणी झपाट्याने होते व लिफाफ्यांची सावकाश. यंत्रांचा आकडा आधी बाहेर पडला, की उरलेला प्रत्येक लिफाफा कोणाच्या लाभाचा याचा तर्क सुरू होतो, आणि घोषणापत्रावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यावर दडपण येते. यंत्रमोजणीची उपान्त्य फेरी टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्यावरच हाती घ्यावी, असा आदेश आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिला, तो याच दृष्टीने महत्त्वाचा आहे. सदोष घोषणापत्राविषयीचा निर्णय निकालाचे पारडे कोणीकडे झुकते हे ठाऊक नसतानाच झाला, तरच पहिल्या टप्प्यावरील कठोरता सर्व उमेदवारांना सारखी लागू पडते.