पत्राच्या तळाशी एक ओळ

४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत ‘हॉटमेल’ सुरू झालं. तोवर ई-मेल म्हणजे बहुधा ऑफिसने नाहीतर कॉलेजने दिलेली सोय. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ती फुकट दिली, तीही कुठल्याही संगणकावरून उघडेल अशी. माल चोख होता, पण लोकांना कळणार कसं? जाहिरातीसाठी गाठीला फारसा पैसा नव्हता.

भांडवल घालणारे टिम ड्रेपर म्हणाले, जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ टाका: तुम्हीही हॉटमेलवर फुकट खातं उघडा. (त्याआधी ‘ता. क. आय लव्ह यू’ असंही त्यांना हवं होतं. ते गळलं, बरंच झालं!) लोकांच्या खासगी पत्राला आपलं शेपूट जोडायला भाटिया-स्मिथ कचरत होते. अखेर ओळ लागली. दीड वर्षात खातेदार कोटीच्या घरात गेले आणि १९९७ सरता सरता मायक्रोसॉफ्टने सुमारे ४० कोटी डॉलर मोजून कंपनी घेतली.

खरी गंमत त्या ओळीच्या जागेत आहे. ती ज्या पत्राखाली आहे ते पत्र तुमच्यापर्यंत पोचलंय, म्हणजे सेवा चालते हे वेगळं सांगायला नको. वर पाठवणारा ओळखीचा. बिचाऱ्याला पत्ताही नाही की आपण कुणाचा प्रचार करतोय! ज्या भारतात आणि स्वीडनमध्ये कंपनीने जाहिरातीवर दमडी खर्चली नव्हती, तिथेही हॉटमेल पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. ड्रेपर आणि त्यांचे भागीदार स्टीव्ह जर्व्हेट्सन यांनी या प्रकाराला ‘व्हायरल मार्केटिंग’ म्हणायला सुरुवात केली.

आता जरा हिशेब. १०० जण आले आणि दर १० जणांनी सरासरी ९ नवे आणले, तर ९०, मग ८१, असं घटत घटत सगळं मिळून जेमतेम हजारावर थांबतं. दर १० जणांनी ११ आणले तर? पन्नासाव्या फेरीत, फक्त त्या एका फेरीत, साडेअकरा हजारांहून जास्त नवे येतात! ९ आणि ११ मध्ये फरक तो केवढा, पण एकीकडे गाडी थांबते, दुसरीकडे थांबतच नाही. स्टार्टअपवाले दशांशासाठी रात्री जागवतात त्या यामुळेच: नोंदणीचा एक रकाना कमी केला तरी ९ चे ११ होऊ शकतात. अर्थात ही वाढ कागदावरच अखंड. ओळखीचे सगळे येऊन गेले की आकडा आपसूक खाली येतो.

मग लोकांना आमिष दाखवावं लागतं. ऑनलाइन पैसे पाठवण्याची सोय देणाऱ्या पेपॅलने सुरुवातीला खातं उघडणाऱ्याला १० डॉलर दिले आणि त्याला आणणाऱ्यालाही १०; वाढ तुफान, खर्चही तसाच. ड्रॉपबॉक्स जास्त हुशार निघालं. मित्र आणलात तर दोघांनाही फायली ठेवायला जादा जागा. सप्टेंबर २००८ मध्ये १ लाख असलेले वापरकर्ते पंधरा महिन्यांत ४० लाख झाले. आणि रोख पैशासारखी ही जागा लगेच हातची जात नाही; कुणी ती फायलींनी भरेल तेव्हाच कंपनीला भुर्दंड.