वजन काट्यापुरते

नगरहून मनमाडकडे जाताना कोल्हारला प्रवरा ओलांडली की तालुका बदलतो. अलीकडचे कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात, पलीकडचे कोल्हार बुद्रुक राहात्यात. पुढे डाव्या हाताला लोणी-संगमनेरवरून घोटीला जाणारा रस्ता फुटतो, उजव्या हाताला बेलापूर-श्रीरामपूरचा. दक्षिणेतून नगरला आलेला माल मनमाड, मालेगाव, धुळे करत उत्तरेला जातो तो इथूनच. शिर्डीचे भाविकही इथूनच. आणि दिवाळी सरता सरता त्यात उसाची भर पडते. या गर्दीला नियमात बसवण्याचे गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत काय काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरला. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला. मग राहुरी, अशोकनगर, गणेशनगर, संगमनेर, कोपरगाव अशी धुराडी वाढत गेली. कारखान्यांच्या इतिहासावर पुस्तके निघाली, गौरविकाही निघाल्या. ज्या रस्त्यांवरून हा ऊस कारखान्यात गेला, त्यांना मात्र कोणी गौरविले नाही.

आधी लोखंडी धावांच्या बैलगाड्या होत्या. त्यांनी खडीचे रस्ते कापून काढले. मग टायरगाड्या आल्या. बैलाला ओढवेल तेवढाच ऊस, म्हणजे दोन-अडीच टन. वजनाची मर्यादा बैलाच्या खांद्यात होती, तिला परिपत्रक लागत नव्हते. ट्रॅक्टर आला आणि ती गेली. एकामागे एक दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा मनोरा, बाजूंना लोंबणारी वाढे. मिळून वीस-पंचवीस टन. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रात्री ना दिवा दिसतो ना ट्रॉलीचे टोक. दर हंगामाच्या तोंडावर कारखान्यांच्या आवारात रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, आरटीओचे अधिकारी येतात, फोटो निघतात, पेपरात छापून येतात. रिफ्लेक्टर हवेतच, त्याने जीव वाचतो. पण त्याने गाडीचे वजन किलोभरानेही कमी होत नाही.

वाहतूक वळवण्याची पद्धत इथे चांगलीच रुळली आहे. शिर्डीचा रामनवमीचा, गुरुपौर्णिमेचा उत्सव आला, की अवजड वाहनांना बंदीचा आदेश निघतो. नगरकडून येणारे ट्रक विळदवरून शेंडी, नेवासा, वैजापूर, येवला असे फिरवले जातात. रस्त्याचे काम निघाले तरी हाच उपाय. आणि या रस्त्याचे काम निघते फार, पुरे होते कमी. ठेकेदार बदलले, टोल आले-गेले, राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग 160 झाला, पुढाऱ्यांची उपोषणे झाली. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या नावाच्या पाट्याही खड्ड्यांच्या कडेलाच उभ्या राहिल्या. लोकांच्या तोंडी अजून ‘नगर-मनमाड’च आहे, बहुतेक वेळा एखाद्या शिवीच्या जोडीने.

या सगळ्या बंदी-आदेशांत ‘अवजड’ हा शब्द असतो, टनांचा आकडा क्वचित. बंदी तिथीला असते, वजनाला नसते. वास्तविक 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 115 रस्त्याची किंवा पुलाची प्रकृती पाहून वाहनांवर निर्बंध घालू देते. निर्बंध महिन्याच्या आतला असेल तर राजपत्रात छापण्याचीही गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे हंगामापुरती, एखाद्या रस्त्यापुरती वजनाची मर्यादा घालायला कायदा आड येत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, तेव्हा राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीची धावपळ झाली. त्या धावपळीतही लोक नदीच्या पाण्याबद्दल बोलत होते, पुलावरच्या वजनाबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

अशी हंगामापुरती मर्यादा इतरत्र घालतात. अमेरिकेत मिनेसोटा, मिशिगनसारख्या थंड राज्यांत वसंतात गोठलेली जमीन सुटते, रस्त्याखालचा थर पाणी धरून मऊ पडतो. तेवढे काही आठवडे तिथे ठरावीक रस्त्यांवर एक्सलमागच्या वजनाची मर्यादा उतरवतात, तारखा आधी जाहीर करतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हात भेगाळते, आणि ओली असताना वरच्या डांबराला आधार देत नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळतो आणि त्याच्या पाठोपाठ गाळप सुरू होते. जमीन वाळायच्या आत सगळ्यात जड गाड्या रस्त्यावर.

वजनाने रस्त्याचे काय होते, हे 1958 ते 1960 या काळात इलिनॉयमधल्या ओटावा इथे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोजले गेले. निष्कर्ष ढोबळ, पण अजून वापरात आहे: रस्त्याची झीज एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. 2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन केली. वाढ दिसायला तेरा टक्क्यांची. या हिशेबाने दर फेरीला झीज सुमारे 1.6 पट. पुढच्याच वर्षी जादा वजनाचा दंड 2,000 वरून 20,000 रुपये केला, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. एका हाताने मर्यादा सैल, दुसऱ्या हाताने दंड कडक. पण दंड करायचा तर आधी गाडी तोलावी लागते.

आणि गंमत अशी, की उसाची गाडी तोलली जाते, रोज, प्रत्येक खेपेला. गव्हाणीवर जाण्याआधी भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी झाल्यावर पुन्हा चढते, वजाबाकी होऊन पावती निघते. काटामारीच्या आरोपांवरून शेतकरी संघटनांनी किती आंदोलने केली! काटे डिजिटल झाले, पथके तपासायला येऊ लागली. भांडण कायम एकाच बाजूचे होते: वजन कमी दाखवले का. जास्त वजन घेऊन गाडी रस्त्यावरून आलीच कशी, हे त्या पावतीला कोणी विचारत नाही. जिल्ह्यात इतक्या बारकाईने तोलली जाणारी दुसरी वाहने नसतील, आणि त्या आकड्यांचा उपयोग उसाच्या बिलापुरता.

याचे कारण अडाणीपण नाही, हिशेब आहे. वाहतूकदाराला पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. खेप जितकी जड, तितका डिझेलचा खर्च टनामागे कमी. मर्यादा पाळायची तर खेपा वाढणार, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून (उसाच्या सरकारी किमान दरातून), म्हणजे शेतकऱ्याच्याच बिलातून वजा होतो. काट्यावरच्या पावत्या आरटीओकडे जाव्यात असे म्हणणारा पुढारी या पट्ट्यात मला अजून भेटलेला नाही. खड्ड्यांना रोज शिव्या देणारा ऊस उत्पादकही तसे म्हणत नाही.