कौलारू घराला गॅरेज जोडताना

कोकणातल्या जुन्या घरी गाडीसाठी छप्पर करायचा विषय निघाला की पहिली सूचना ठरलेली: “पुढच्या पडवीलाच पत्रे वाढवू.” सोपं आणि स्वस्त म्हणून हे पटतंही. मात्र पत्रे पुढे आले की ओटीवर भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि रस्त्यावरून घराऐवजी शटर दिसतं. या घरांना जोडबांधकाम काही नवं नाही. गोठा, मांगर, न्हाणीघर गरजेप्रमाणे मागाहून आलीच. पण आली ती कडेला किंवा परसात, आणि मुख्य छपरापेक्षा बुटकी. गॅरेजनेही तीच रीत पाळावी. दर्शनी भिंतीपासून चार-पाच फूट मागे सरकावं आणि त्याचं आढं घराच्या आढ्याखाली राहावं.

हुबेहूब नक्कल केली की शोभतं, हाही एक समज. पुरातन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेली व्हेनिस सनद नेमकं उलट सांगते: नवी भर जुन्याशी जुळावी, पण ती नवी आहे हे ओळखू यावं. आपलं घर स्मारक नसलं तरी सल्ला लागू पडतो. जुन्याचा उतार, प्रमाण आणि चिरा घ्या. सिमेंटात ओतलेले नक्षीदार खांब नकोत, ते लग्नाच्या मंडपासारखे दिसतात. मंगलोरी कौलं घालणार असाल तर उतार मात्र जुन्याइतकाच ठेवा. उंची वाचवायला तो कमी केला, तर वाऱ्याबरोबरचं पाणी कौलांखाली उलटं शिरतं.

सगळ्यात महागात पडतो तो तिसरा गैरसमज: जुन्या भिंतीला टेकवलं की एक भिंत वाचते आणि काम मजबूत होतं. जुना पाया कधीच बसलेला असतो, नवा पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत बसतो आणि सांध्यात तडा जातो. शिवाय मातीत रचलेल्या भिंतीवर नव्या छपराचा भार येतो तो वेगळाच. नव्या बांधकामाला स्वतःचे खांब, स्वतःचा पाया हवा. मधल्या फटीवर पत्र्याची पट्टी बसवावी, ती एकाच बाजूला पक्की करून. छपराचा उतार घरापासून दूर ठेवावा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तिथे पाणी सांध्याकडे वळवणं म्हणजे ओल विकत घेणं. मला विचाराल तर तीन-चार फूट सोडून स्वतंत्रच बांधावं. म्हणजे इंजिनचा कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंगही नसतो आणि वासही, झोपायच्या खोलीत यायची भीती कमी होते.

सिमेंट म्हणजे पक्कं, हेही जांभ्याच्या घरात अर्धसत्यच. जांभा सच्छिद्र असतो, शोषलेली ओल बाहेर टाकतो. गॅरेजच्या निमित्ताने जुन्या भिंतीलाही सिमेंटचा गिलावा केला की ती वाट बंद होते आणि ओल आतल्या बाजूने वर चढते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. गॅरेजची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली आणि बाहेरच्या बाजूला उतरती करावी.

मापाचं थोडक्यात: अडीच बाय पाच मीटर ही गाडी उभी करायची जागा झाली. आजच्या बऱ्याच गाड्या पावणेदोन मीटरहून रुंद असतात. दोन्ही दारं उघडून माणसं उतरायची तर आतून तीन मीटर रुंदी धरा.

आणि “शेडला कुठली परवानगी लागते?” असं म्हणून सुरुवात करू नका. आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर सीआरझेडचे नियमही पाहा. घर सामायिक असल्यास सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. घराणं मुंबई, बडोदा, दुबईत विखुरलेलं असेल, तर याला बांधकामापेक्षा जास्त वेळ लागतो.