टाकीतील पांढरी भुकटी

पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर आपण ‘टीसीएल’ म्हणून ओळखतो. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती बनते. १७९९ मध्ये चार्ल्स टेनंट यांनी तिचे पेटंट घेतले, ते कापड शुभ्र करण्यासाठी.

ताज्या भुकटीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल वा ऊन लागले, की तो उडून जातो. भुकटी पांढरीच दिसते. जंतू मात्र मरत नाहीत. म्हणून आम्ही ती हवाबंद डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवतो. हजार लिटरला पाच ग्रॅम भुकटी बादलीत कालवून वरची निवळी टाकीत ओततो व अर्धा तास थांबतो. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकताच पिवळी छटा आली, तरच नळ सोडतो.

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील पोतेही एकदा पाहावे, ही विनंती.