जीभ घसरते तेव्हां

श्रोतेहो, अशी कल्पना करा कीं धाराशिवच्या एका घरीं परप्रांतीय पाहुणे आले आहेत. घरचा मुलगा त्यांना इंग्रजींत गांवाची माहिती सांगूं लागतो. "धाराशिव" म्हणावयाचें, तों तोंडून "उस्मानाबाद" निघून जातें. लगेच कोणी भुंवई उंचावतो : "पोटांतलें ओठांवर आलें!" हा निवाडा न्याय्य आहे काय, याचा आज विचार करूं.

भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ मेरिंगर यांनीं कार्ल मायर या मनोरोगवैद्यासह अशा चुकांचा संग्रह १८९५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील कांहीं उदाहरणें घेऊन व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनीं १९०१ मध्यें निराळा अर्थ लावला : दडपलेली इच्छा संधि साधून जिभेवर येते. हें मत फार लोकप्रिय झालें. परंतु पुढील संशोधनानें बहुतेक चुकांचें कारण याहून साधें असल्याचें दाखविलें आहे.

एक उदाहरण घेऊं. "अ बॅग ऑफ अॅपल्स", म्हणजे सफरचंदांची पिशवी, असें म्हणावयाचें असतां घाईंत कोणी म्हणतो, "अॅन अॅपल ऑफ बॅग्ज." आपण हंसतों. पण नीट पाहा. दोन नामांची अदलाबदल झाली, तरी अनेकवचनाचा प्रत्यय आपल्या जागींच राहिला. आणि पुढें स्वर येतांच "अ"चें "अॅन" झालें. म्हणजे वाक्याचा सांगाडा मनांत आधींच उभा होता. शब्द चुकीच्या खणांत पडले. मागाहूनचे व्याकरणाचे सोपस्कार मात्र बिनचूक पार पडले. "बिग डॉग"चें "डिग बॉग" होतें, तेव्हांहि आद्य वर्ण आद्य वर्णाशींच जागा बदलतो. "कच्चा पापड, पक्का पापड" भरभर म्हणतांना आपण सर्वांनींच याचा अनुभव घेतला आहे. येथें गुप्त इच्छेचा शोध कशाला?

घाई, थकवा, विचलित लक्ष, एकाच वेळीं जागे झालेले दोन जवळचे शब्द आणि दृढ संवय, हीं या चुकांचीं नेहमींचीं कारणें होत. धाराशिवच्या बाबतींत शेवटचीं दोन एकत्र येतात. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून आलेलें "उस्मानाबाद" अनेक दशकें सरकारी कागदांवर होतें. लोकांच्या बोलण्यांत "धाराशिव"हि जिवंत राहिलें. २०२३ मध्यें तेंच शहराचें व जिल्ह्याचें अधिकृत नांव झालें. एकाच गांवाचीं दोन नांवें मनांत शेजारीं शेजारीं नांदत असतां जीभ मळलेल्या वाटेनें गेली, तर त्यांत नवल तें काय? मनांत घोळणारा विषय कधीं कधीं शब्दाला धक्का देतो, हें खरें. पण एका घसरलेल्या शब्दावरून कोणाचें अंतःकरण वाचतां येत नाहीं.

अज्ञान आणि घसरण यांतहि फरक आहे. जो घसरतो त्याला बरोबर काय तें ठाऊक असतें. बहुधा तो स्वतःच थबकून शब्द सुधारतो. इंग्रजी बोलूं पाहणाऱ्या मुलाला अशा वेळीं हंसलें, तर त्याचें अर्धें लक्ष त्या हंशाकडेच राहतें आणि पुढचें वाक्य अधिकच अडखळतें. म्हणून, श्रोतेहो, पुढच्या वेळीं भुंवई उंचावण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. तेवढ्यांत बोलणारा आपली चूक आपणच दुरुस्त करील.