चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील घटस्फोटाचे न्यायालयीन अभिलेख

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील घटस्फोटाचे न्यायालयीन अभिलेख म्हणजे या दोन जिल्ह्यांतील न्यायालयांत चाललेल्या विवाहविच्छेदाच्या प्रकरणांची कागदपत्रे होत. मूळ याचिका, लेखी जबाब, साक्षीपुरावे, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा यांचा त्यांत समावेश होतो. महाराष्ट्रात जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदवह्या आहेत. घटस्फोटाची तशी स्वतंत्र नोंदवही नाही. त्यामुळे हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, म्हणजेच बोलीभाषेतील 'नक्कल', हाच घटस्फोटाचा मुख्य लेखी पुरावा ठरतो.

या वनबहुल जिल्ह्यांत अनुसूचित जमातींची वस्ती मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांचे प्रमाण गडचिरोलीत सुमारे ३८.७ टक्के, तर चंद्रपुरात सुमारे १७.७ टक्के होते. या समाजांतील अनेक काडीमोड रूढीनुसार, न्यायालयाबाहेर होतात. म्हणून न्यायालयात अभिलेख न सापडणे याचा अर्थ घटस्फोट झालाच नाही, असा नेहमी होत नाही.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

आजच्या चंद्रपूर जिल्ह्याचे पूर्वीचे नाव चांदा. स्वातंत्र्यापूर्वी तो मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला, परंतु तो चांद्यास लागू नव्हता. हिंदूंना घटस्फोटाचा वैधानिक अधिकार येथे हिंदू विवाह अधिनियमाने मिळाला. तो १८ मे १९५५ पासून अमलात आला. त्यापूर्वीचे हिंदू काडीमोड प्रामुख्याने जातीच्या रूढीनुसार होत असल्याने त्यांचे हुकूमनामे सहसा मिळत नाहीत. परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. त्यामुळे त्याआधीच्या हिंदू विवाहांच्या प्रकरणांत परस्पर संमतीच्या याचिका सहसा आढळत नाहीत.

जिल्ह्याच्या सीमा अनेकदा बदलल्या आणि कागदपत्रांचा माग काढताना हे बदल महत्त्वाचे ठरतात. राजुरा तालुका हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो १९५६ साली नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. साहजिकच गडचिरोली, अहेरी किंवा सिरोंचा भागातील १९८२ पूर्वीच्या प्रकरणांचा शोध चंद्रपूर येथील अभिलेख कक्षापासून सुरू करावा लागतो. न्यायालयांची विभागणी महसुली विभागणीच्या दिवशीच होते असे नाही. म्हणून १९८० च्या दशकातील प्रकरणांसाठी दोन्ही ठिकाणी चौकशी करणे इष्ट असते.

## कोणता कायदा, कोणते न्यायालय

अभिलेख कोठे असेल हे पक्षकारांना लागू असलेल्या कायद्यावर अवलंबून असते.

* हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा हिंदूंसह बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांदा येथे दिलेल्या धम्मदीक्षेनंतर या भागात बौद्ध समाज मोठा आहे. त्यांची प्रकरणेही याच कायद्याखाली चालतात.
* विशेष विवाह अधिनियम, १९५४ हा त्या कायद्याखाली झालेल्या वा नोंदवलेल्या विवाहांना लागू आहे. त्यास धर्म वा जमातीची अट नाही.
* घटस्फोट अधिनियम, १८६९ हा ख्रिस्ती विवाहांना लागू आहे. २००१ च्या दुरुस्तीपूर्वी जिल्हा न्यायाधीशाच्या विवाहविच्छेदाच्या हुकूमनाम्यास उच्च न्यायालयाची पुष्टी लागत असे. म्हणून अशा जुन्या प्रकरणांचे कागद नागपूर येथेही असू शकतात.
* मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, १९३९ याखाली मुस्लिम पत्नीस न्यायालयाकडे घटस्फोट मागता येतो. न्यायालयाबाहेर झालेल्या खुलासारख्या विच्छेदाचा हुकूमनामा नसतो.

कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ नुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत कौटुंबिक न्यायालय स्थापन करणे बंधनकारक आहे. इतरत्र ते शासनाच्या निर्णयावर अवलंबून असते. ज्या क्षेत्रासाठी असे न्यायालय आहे तेथील वैवाहिक प्रकरणे त्याच्याकडे जातात. अन्य ठिकाणी हिंदू विवाह अधिनियमाखालील याचिका सामान्यतः दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. कौटुंबिक न्यायालय स्थापन होताच प्रलंबित प्रकरणे त्याच्याकडे वर्ग होतात. अशा प्रकरणास नवा क्रमांक मिळालेला असू शकतो.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ नुसार विवाह जेथे झाला, प्रतिवादी जेथे राहतो किंवा पतिपत्नी शेवटी जेथे एकत्र राहिले, तेथील न्यायालयात याचिका दाखल करता येते. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणीही याचिका करण्याची मुभा मिळाली. प्राणहिता व गोदावरीपलीकडे तेलंगणात आणि इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात सोयरिकी असलेल्या कुटुंबांच्या बाबतीत यामुळे शोधाची कक्षा रुंदावते. सिरोंच्यात नांदलेल्या जोडप्याचा हुकूमनामा शेजारच्या राज्यातील न्यायालयाचाही असू शकतो.

अपील झाले असल्यास अंतिम निर्णय वरच्या न्यायालयात असतो. दिवाणी न्यायाधीशांच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात, तर कौटुंबिक न्यायालयाच्या निर्णयावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील होते.

## प्रकरण शोधणे

नक्कल मिळवण्यासाठी न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष आणि निकालाची तारीख हे तपशील उपयोगी पडतात. जुने समन्स, वकिलाची पावती किंवा पोटगीच्या आदेशातील उल्लेख यांतून ते मिळू शकतात.

अलीकडील प्रकरणे ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर व मोबाइल ॲपवर शोधता येतात. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ठाऊक नसल्यास जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव, प्रकरण क्रमांक वा वकिलाचे नाव यांवरून शोध घेता येतो. निकाली प्रकरणांसाठी 'निकाली' हा पर्याय निवडावा लागतो. नावांचे रोमन लेखन एकसारखे नसते. आत्राम, मडावी, कोवे यांसारखी आडनावे निरनिराळ्या प्रकारे लिहिलेली आढळतात. स्त्रीचे नाव माहेरच्या किंवा सासरच्या आडनावाने नोंदलेले असू शकते, म्हणून दोन्ही नावांनी शोध घेणे आवश्यक ठरते.

संगणकीकरणापूर्वीची अनेक प्रकरणे संकेतस्थळावर नसतात. त्यांचा शोध न्यायालयातील दावा नोंदवहीत वर्षानुसार घ्यावा लागतो. त्यासाठी पक्षकारांची नावे व अंदाजे वर्ष नमूद करून संबंधित न्यायालयाच्या कार्यालयात अर्ज केला जातो.

## प्रमाणित प्रतीसाठी अर्ज

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांस विनामूल्य द्यावयाची असते. ही प्रत हरवल्यास किंवा अधिक प्रती हव्या असल्यास न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. अर्जात प्रकरणाचा तपशील, हवा असलेला दस्तऐवज आणि प्रत साधी हवी की तातडीची हे लिहिले जाते. त्यावर कोर्ट फी तिकीट लावून नकलेचे शुल्क भरले जाते. पक्षकारास स्वतः किंवा वकिलामार्फत अर्ज करता येतो.

न्यायनिर्णय आणि हुकूमनामा हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. न्यायनिर्णयात कारणमीमांसा असते, तर हुकूमनाम्यात निर्णयाचा औपचारिक आदेश. दोन्हींच्या नकला घेणे सोयीचे ठरते. प्रमाणित प्रतीवर न्यायालयाचा शिक्का व सही असते. साधी छायाप्रत पुराव्यासाठी सहसा पुरत नाही. सार्वजनिक दस्तऐवजांच्या प्रमाणित प्रतींची तरतूद पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ७६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ मध्ये आहे.

माहितीच्या अधिकाराखाली या नकला मागता येत नाहीत. मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले की, न्यायिक कागदपत्रांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मिळवाव्यात.

विधी सेवा प्राधिकरणे अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत. त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर असल्याने दूरच्या तालुक्यांतील अर्जदारांना तालुका समितीचा विशेष उपयोग होतो.

## गोपनीयता

वैवाहिक प्रकरणे सर्वांसाठी खुली नसतात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार सुनावणी बंद दाराआड होते आणि न्यायालयाच्या परवानगीने छापलेले उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय वगळता कामकाजाची माहिती प्रसिद्ध करणे हा दंडनीय अपराध आहे. त्यामुळे संकेतस्थळावर प्रकरणाची नोंद दिसली तरी आदेशाची प्रत उघडेलच असे नाही. त्रयस्थ व्यक्तीस नक्कल हवी असल्यास सबळ कारण दाखवून न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते.

## रूढीनुसार काडीमोड

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे अन्यथा ठरवल्याखेरीज, हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. गोंड, माडिया, कोलाम आदी समाजांत विवाह व काडीमोड परंपरेने, जमातीच्या पंचांसमोर होतात. तेथे हुकूमनामा निर्माणच होत नसल्याने नक्कल विभागात तो सापडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आदिवासी जोडप्याने विशेष विवाह अधिनियमाखाली विवाह केला वा नोंदवला असेल, तर मात्र न्यायालयीन अभिलेख असू शकतो.

अन्य समाजांसाठीही कलम २९(२) ने रूढीने मान्य असलेला घटस्फोटाचा अधिकार कायम ठेवला आहे. तथापि अशी रूढी अस्तित्वात असल्याचे ती सांगणाऱ्यानेच सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निर्णयात म्हटले आहे. आदिवासी रूढीबाबतही स्पष्ट कथन व पुरावा लागतो, हे २००१ च्या संथाळ समाजाविषयीच्या निर्णयात नमूद आहे. मुद्रांक कागदावर नोटरीसमोर केलेली 'सोडचिठ्ठी' किंवा 'फारकत' ही न्यायालयाच्या हुकूमनाम्याची जागा घेत नाही. ती फार तर रूढीच्या पुराव्याचा एक भाग असते.

पेसा कायदा, १९९६ च्या कलम ४(घ) ने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस लोकांच्या रूढी-परंपरा व तंटे सोडवण्याच्या पारंपरिक पद्धती जपण्यास सक्षम मानले आहे. ग्रामसभेचा ठराव किंवा पंचांचे लेखी निवेदन म्हणूनच उपयुक्त असते, परंतु वाद निर्माण झाल्यास अंतिम निर्णय न्यायालयच देते. वैवाहिक दर्जा निश्चित करून घेण्यासाठी घोषणात्मक दावा दाखल करता येतो. त्याचा हुकूमनामा पुढे अभिलेखाचे काम करतो.

## अभिलेखांचे जतन

सर्व कागदपत्रे कायम ठेवली जात नाहीत. अभिलेख नष्ट करणे अधिनियम, १९१७ आणि उच्च न्यायालयाचे नियम यांनुसार कागदांची वर्गवारी होऊन दुय्यम कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. न्यायनिर्णय व हुकूमनामा अधिक काळ जतन होतात. पक्षकाराने दाखल केलेले विवाहपत्रिका, छायाचित्रे यांसारखे मूळ दस्तऐवज प्रकरण संपल्यावर परत मागता येतात.

## उपयोग

पुनर्विवाह, पारपत्र, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका व वारसाहक्क यांच्या कामी घटस्फोटाचा पुरावा मागितला जातो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रियांचा, तर २०२४ च्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांचा समावेश आहे. अनेक स्त्रियांजवळ केवळ पोटगीचा आदेश असतो. तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, किंवा जुलै २०२४ नंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली दिलेला असतो. विवाह टिकून असतानाही पोटगी मिळू शकत असल्याने अशा आदेशाने घटस्फोट सिद्ध होत नाही. मात्र त्यात घटस्फोटाच्या प्रकरणाचा क्रमांक नमूद असल्यास हुकूमनाम्यापर्यंत पोहोचण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग ठरतो.

## हे सुद्धा पहा

* हिंदू विवाह अधिनियम, १९५५
* कौटुंबिक न्यायालय
* पेसा कायदा
* गडचिरोली जिल्हा
* चंद्रपूर जिल्हा